पायपावरचा देव

आटपाडीच्या वरच्या अंगाला, जिथं सांगली जिल्हा संपतो आणि सातारा जिल्हा सुरू होतो, तिथल्या माळावर एकटा चालणारा माणूस दिसला, आणि त्याच्या मागेपुढे ना मेंढरू ना बैल, तर तो आकाराम सरगर असं खुशाल समजावं. अंगात नारिंगी जाकीट, हातात काठी, गळ्यात दोरीनं अडकवलेलं एक यंत्र. तो कुठवर गेला हे त्या यंत्रावरून कंपनीला कळतं. रोज सकाळी सातला तो एका पिवळ्या खांबापासून निघतो आणि आठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या पिवळ्या खांबापाशी पोचतो. तिथं सावली बघून भाकरी खातो आणि त्याच वाटेनं परत येतो. सहा वर्षं झाली, यात खंड नाही.

त्या वाटेखालून गॅसची लाईन गेली आहे. लोणंदकडच्या कारखान्यांना तिच्यातून गॅस जातो. लाईनीवर कुणी खणत नाही ना, विहीर पाडत नाही ना, झाड लावत नाही ना, घर बांधत नाही ना, आणि जवळपास जाळ करत नाही ना, एवढं आकारामनं पाहायचं असतं. पाईप जमिनीत असल्यामुळे दिसत नाही, दिसतात ते फक्त खांब. वस्तीवरच्या कुणी विचारलं, "आकारामा, तुझं काम तरी काय रं?" तर तो म्हणायचा, "जे दिसत न्हाई, ते हाय का ते बघायचं."

त्याचा जन्म मेंढरांमागं झाला. दिवाळी झाली की बाप शे-सव्वाशे मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचा, आणि कराड-वाळव्याच्या शेतांतून खतासाठी कळप बसवत पावसाळ्याच्या तोंडाला माघारी यायचा. आकारामची शाळा चौथीपर्यंत झाली, तीही तीन गावांत मिळून. पुढं कळप त्याच्या हाती आला आणि लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचं कर्ज फेडायला त्यानं तो विकला. तेव्हा या लाईनीवर माणसं भरत होती. ठेकेदारानं विचारलं, "रोज सोळा किलोमीटर चालायला जमेल का?" शेजारी उभी असलेली सगळी धनगराची माणसं हसली होती.

पण मेंढरांबरोबर चालणं वेगळं आणि नुसतं चालणं वेगळं. मेंढरांशी दिवसभर तोंड चालू असतं. नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यांत मध्येच सवयीनं त्याच्या तोंडून हाळी निघायची, आणि मग तो इकडंतिकडं पाहून गप्प व्हायचा. लेक अपेक्षा सांगलीत एका दवाखान्यात नर्स झाली. तिच्या बाळंतपणाला म्हणून त्याची बायको गेली ती दोन महिन्यांसाठी. त्याला आता चार वर्षं झाली. भांडण काही नव्हतं. नातवाला सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. रविवारी संध्याकाळी फोन यायचा. "जेवलासा का?" ती विचारायची. हा "व्हय" म्हणायचा आणि पुढं दोघांनाही काही सुचायचं नाही.

त्याच्या वाटेवर पाचव्या किलोमीटरला एक ओढा लागतो. ओढ्याच्या काठी एकच घर आहे. ते बनाबाईचं. तिचा नवरा भाऊसो आणि दोन्ही पोरं, सुना, नातवंडं दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेला जातात. बनाबाईही चाळीस वर्षं जात होती, पण गुडघे गेले आणि ती मागं राहू लागली. चार शेरडं आणि ती. दिवाळीपासून मृगापर्यंत तिच्या दारावरून जाणारा रोजचा माणूस एकच. ती चुलीवर चहा ठेवून बसायची, आणि हा दिसला की म्हणायची, "आलं बघा सरकार." तिथल्या पंधरा मिनिटांत आकाराम दिवसभराचं बोलून घ्यायचा.

तीन वर्षांपूर्वी परतीच्या पावसात ओढा असा आला की काठच घेऊन गेला. सकाळी आकाराम पोचला तर चार-पाच हात पाईप उघडा पडलेला. काळा, ओला, एखादं मोठं जनावर चिखलात पडून राहावं तसा. कामाला लागल्यापासून त्यानं पहिल्यांदाच तो पाहिला. त्यानं लगेच भरतेशला फोन लावला.

भरतेश हा त्याचा सुपरवायझर. सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा, तिशीच्या आतला, मनानं चांगला. वरच्यांना भिणारा. तो जीप घेऊन आला, फोटो काढले. म्हणाला, "वर कळवतो, काका. माती टाकून, काँक्रीट करून देतील. तोवर कुणाला इकडं फिरकू देऊ नका. काहीतरी खूण करून ठेवा." जाताना त्यानं लाल-पांढऱ्या पट्टीचं एक भेंडोळं दिलं. ती पट्टी आकारामनं काठ्या रोवून चारी बाजूंनी बांधली. दोन दिवसांत बनाबाईच्या शेरडांनी ती खाल्ली. मग धोक्याचा पत्रा आला. तो आठवड्यात कुणीतरी काढून खुराड्याचं दार केलं.

दिवाळी तोंडावर आली होती. आता वरच्या वस्त्यांवरचे कळप या ओढ्यातून उतरणार. रात्रीला मुक्काम पडणार. मेंढरं कोंडायची जाळी लावताना मऊ माती बघून लोखंडी मेखा ठोकणार, आणि तिथं मऊ माती होती ती नेमकी पाइपाच्या कडेला. आकारामला झोप लागेना. तो धनगर होता. धनगर काय वाचत नाही आणि काय मानतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ओढ्यातला एक उभट दगड निवडला, पाइपाच्या अंगाला मातीत पक्का बसवला, आणि वरून मूठभर भंडारा टाकला.

भंडाऱ्याच्या दगडापाशी मेख ठोकायची कुणा धनगराची छाती होणार नाही. झालंही तसंच. पहिलाच कळप आला तो दगडाला लांबून वळसा घालून गेला. आकारामनं भरतेशला फोनवर सांगितलं. भरतेश हसला. "काका, तुम्ही तर इंजिनियर झालात."

आकाराम एकच गोष्ट विसरला, आणि ती धनगराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. भंडारा एकटा राहत नाही. आठ दिवसांत दगडापुढं नारळ फुटला. पंधरा दिवसांत तिथं कुणीतरी घोंगडीचा तुकडा अंथरला. आणि एका सकाळी तो पोचला तेव्हा दगडाच्या पायाशी, पाइपापासून दोन वितीवर, मातीची पणती तेवत होती. शेजारी बनाबाई बसलेली, काहीतरी पुटपुटत.

"आक्का, हितं दिवा नगा लावू," तो घाईनं म्हणाला.

"का रं?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. दगड मी ठेवलाय, खाली गॅस हाय, एवढी दोनच वाक्यं होती. पण बनाबाईचे हात अजून जोडलेलेच होते. तो म्हणाला, "ह्यो उन्हातला देव हाय. ह्याला दिवा चालत न्हाई."

"तुला कुणी सांगितलं? सपनात आला हुता व्हय?" ती थट्टेनं म्हणाली.

"व्हय," आकाराम म्हणाला.

या एका "व्हय"नं सगळं केलं. दिवा बंद झाला खरा, पण आकारामच्या स्वप्नात देव आला ही गोष्ट मेंढरांच्या वाटेनं कृष्णाकाठापर्यंत गेली. मृगाला कळप परतले ते हीच गोष्ट घेऊन. भाऊसोनं पुढाकार घेतला आणि पोरांनी सिमेंटचा चौथरा बांधला. दुसऱ्या वर्षी चैत्रात तिथंच तीन दगडांची चूल मांडून निवद शिजला. आकाराम आडवा आला, तर लोक हसले. "आवं, दिवा चालत न्हाई म्हणालासा. चुलीचं कुठं काय म्हणालासा?"

तो भरतेशला सांगत राहिला. आधी उघड्या पाइपाचं, मग दिव्याचं, मग चौथऱ्याचं, मग चुलीचं. भरतेशचा आवाज दर वेळी जास्त बारीक होत गेला. "वर दोनदा लिहिलं, काका. पावसाळ्यानंतर बघू म्हणतात." आणि शेवटी, "आता बोलायचीच चोरी झाली. देव हलवला तर लोक अंगावर येतील, आणि न हलवता सांगितलं तर इतके दिवस काय करत होतास म्हणून मला विचारतील." त्याच्या महिन्याच्या कागदावर ओढ्यासमोर दोनच शब्द असायचे. सर्व ठीक.

आकारामच्या मनात आणखीही एक गोष्ट होती. ती त्यानं कुणालाच सांगितली नाही. ओढा आता ओस राहिला नव्हता. येणारी-जाणारी माणसं थांबत, त्याला बोलवत, स्वप्न विचारत. बनाबाई तर दुपारभर त्या दगडापाशीच असायची. नवऱ्याची काळजी, सुनेचं उलटं बोलणं, शेरडाचा आजार, सगळं देवाला सांगायची. आणि ती घरात गेली की आकाराम स्वतः तिथं दोन मिनिटं उभा राहायचा. दगड आपण कुठून उचलला ती जागा त्याला दिसत असायची. तरी तो सांगायचा. नातू चालायला लागला म्हणं. बायकोचा आवाज ह्या रविवारी बसल्यावानी वाटला.

गेल्या वैशाखात लाईनीची सुरक्षा तपासणारी सरकारी माणसं आली. ती ओढ्यापाशी उतरली आणि पाइपाभोवती फिरून बघू लागली. नारळ फोडून पाइपावरच्या काळ्या लेपाचे टवके उडालेले, अंगाशी चुलीची राख, वर चौथरा. आठवड्यात कंपनीला नोटीस गेली. सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल दंड का करू नये? आटपाडीच्या बाजारात ती बातमी पोचेपर्यंत तिचं रूप बदललं होतं. सरकारनं देवाला दंड केला.

कंपनीनं उत्तर दिलं ते असं. देव तिथं पूर्वापार आहे. पाईप पावसानं नव्हे, तर देवापुढची जागा सपाट करायला गावकऱ्यांनी माती काढली म्हणून उघडा पडला. या सगळ्याला पुढाकार बनाबाई नावाच्या बाईचा, तिच्यावर गुन्हा दाखल व्हावा. एक हवालदार येऊन तिचं नाव, वय लिहून घेऊन गेला. अशा लाईनीला इजा केली तर तुरुंग आहे, हेही सांगून गेला.

सुनावणी ठरली आणि आकारामलाही साक्षीला बोलावणं आलं. तिच्या चार दिवस आधी भरतेश त्याच्या घरी आला. ऊन कलत होतं. तो अंधार पडल्यावर जेवत नाही हे माहीत असल्यामुळे आकारामनं आधी भाकरी-पिठलं पुढं केलं. भरतेशनं सूर्याकडं बघत चार घास खाल्ले.

"काका, एवढंच म्हणा की देव जुना आहे. तुमच्या लहानपणापासूनचा. तुम्हाला कोण खोटं पाडणार?"

"आन् बनाक्का?"

"वय बघून सोडतील."

"न्हाई सोडलं तर?"

भरतेशनं ताट बाजूला सारलं. "माझं लग्न ठरलंय, काका," तो म्हणाला, आणि मग स्वतःलाच लाज वाटल्यासारखा उठला.

दुसऱ्या दिवशी आकाराम बनाबाईकडं गेला, तो आज सगळं सांगायचंच असं ठरवून. पण तीच आधी बोलली.

"देव माझा हाय म्हणून सांग तिथं. मी जाते आत. दोन भाकरी सरकार घालंल की. भाऊसोला तर बरंच, पिरपिर बंद. पर देव हलता कामा न्हाई, आकारामा. तेवढं बघ."

त्यानं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही.

सांगलीला जिल्ह्याच्या कचेरीत सुनावणी झाली. चौकशी अधिकारी एक मध्यमवयीन बाई होत्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. कंपनीचा वकील होता, भरतेश होता, खाली बघत. आकारामनं जाकीट घडी करून मांडीवर ठेवलं होतं.

"तो दगड तिथं किती वर्षं आहे?" बाईंनी विचारलं.

"तीन."

वकिलानं मान वर केली.

"कुणी ठेवला?"

"म्या."

"पाईप तेव्हा उघडा होता?"

"ओढ्यानं उघडा पाडला हुता. म्हणून तर ठेवला. मेंढरंवालं मेखा ठोकत्यात. भंडारा दिसला की ठोकत न्हाईत."

"कंपनीला कळवलं होतं?"

आकारामनं भरतेशकडं पाहिलं. "त्याच दिवशी कळवलं. साहेब येऊन बघून गेलं. त्यांनी वर लिवलं हुतं दोनदा. त्यांचा एकट्याचा दोष न्हाई."

"बनाबाईंनी माती काढली?"

"न्हाई. तिनं कायबी केलं न्हाई. तिला म्हाईतच नव्हतं दगड कुणाचा ते."

बाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, "मग लोकांना सांगितलं का नाही? तीन वर्षं होती तुमच्याकडं."

आकारामनं मांडीवरचं जाकीट नीट केलं. "सांगितलं असतं तर कुणी आलं नसतं तिथं."

"कुणी येऊ नये म्हणूनच ठेवला होता ना?"

"व्हय," तो म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. हे उत्तर त्यांनी लिहून घेतलं नाही.

दुपारी तो लेकीकडं गेला. बायकोनं वाढलं. नातू आधी लांबून बघत राहिला आणि मग जाकिटाच्या चमकत्या पट्ट्यांशी खेळू लागला. काय झालं ते त्यानं सांगितलं. बायको म्हणाली, "बरं केलंसा. खऱ्याला भ्या न्हाई." मग नातवाच्या झोपेची वेळ झाली. पाचच्या एसटीनं तो परत निघाला.

दिवाळीच्या आत निकाल लागला. दंड कंपनीला झाला. माहिती असून तीन वर्षं पाईप उघडा ठेवल्याबद्दल, आणि कागदावर खोटं लिहिल्याबद्दल. बनाबाईवरची तक्रार रद्द झाली. साक्ष दिली म्हणून आकारामला कामावरून काढायचं नाही, असंही त्या निकालात एक वाक्य होतं. भरतेशची बदली झाली, दूर कुठंतरी विदर्भात. जाताना त्यानं फोन केला, पण तब्येत सांभाळा एवढंच म्हणाला.

बाजारात पोरं आकारामला बघून कुजबुजायची. "आला बघा देवाचा बाप." एकानं देवाचं नाव पायपोबा ठेवलं. त्यावर म्हातारी माणसं हसायची नाहीत, पण आकारामला पूर्वीसारखी हाकही मारायची नाहीत. भाऊसो दिवाळीनंतर कळप घेऊन निघाला तो त्याच्या अंगणावरून, आणि रामराम न घालता गेला.

कळप गेल्यावर कंपनीची माणसं आली. मशीननं चौथरा फोडला, पाइपाला नवा लेप दिला, खोल खणून तो दाबला, वर काँक्रीट टाकलं. तीन दिवसांचं काम होतं, तीन वर्षं रखडलेलं. दगड त्यांनी काढून ओढ्यात टाकला. आकाराम चौथ्या दिवशी तो शोधायला खाली उतरला. भंडारा पुसला गेला होता. तिथं तसले पन्नास दगड होते. दोन-तीन त्यानं उचलून पाहिले आणि जिथल्या तिथं ठेवले.

बनाबाई दारात बसून त्याच्याकडं बघत होती. महिनाभर ती त्याच्याशी बोलली नव्हती. तो वर आला तसं तिनं विचारलं, "घावला?"

"न्हाई."

"कसा घावंल? तूच म्हणालास ना, दगड हुता."

आकाराम अंगणाच्या कडेला उभा राहिला. "तुमाला आत टाकत हुतं, आक्का."

"टाकू दे हुतं. मी म्हणाले हुते ना तुला?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. "तीन वर्षं, आकारामा. सून मला काय बोलली ते भाऊसोला म्हाईत न्हाई, माझ्या बहिणीला म्हाईत न्हाई. ते सगळं मी तिथं सांगितलं. मग मी कुणाशी बोलत हुते रं?"

त्यानं काठी खाली ठेवली. तो म्हणाला, "मीबी बोलत हुतो. तुमी घरात गेलासा की."

बनाबाईनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "तू? तूच ठेवलास, आन् तूच बोलत हुतास?"

"व्हय."

एक शेरडू तिच्या लुगड्याचा पदर चघळायला आलं, त्याला तिनं हातानं बाजूला केलं.

"तुझं बरं हाय," ती म्हणाली. "तुला म्हाईत हुतं, तरी बोलता येत हुतं. तू उद्या दुसरा दगड ठेवशील आन् बोलशील. माझं तसं न्हाई. मला आता म्हाईत झालंय."

गुडघ्यावर हात देऊन ती उठली. शेरडं पुढं घालून मागच्या अंगाला निघाली, आणि जाता जाता त्यांच्याशीही एक शब्द बोलली नाही.